रिद्धपूरचे वेड, यवतमाळचे दप्तर

तेराव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडातल्या रिद्धपुरात एका वयोवृद्ध सत्पुरुषाने लग्नाचा हट्ट धरला. आयुष्यभर जो कुणाच्या संसारात पडला नाही, त्याला आता नवरदेव व्हायचे होते. गावाने त्याला फार पूर्वीच वेड्यात काढले होते, त्यामुळे फारसे कुणी दचकले नाही. भोवतीच्या भक्तांनी हट्ट पुरवायचे ठरवले. लग्न म्हटले की गाणी आली आणि ती बायकांनीच म्हणायची. गाण्याची आज्ञा महदाइसेला झाली. महदाइसा बालविधवा, संन्यस्त, वयाने पोक्त. तिने नवरदेवाला उद्देशून म्हणायचे धवळे तिथल्या तिथे जुळवले आणि त्यांत रुक्मिणीच्या विवाहाची कथा गायली. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची रचना अशी एका वेड्याच्या लग्नात जन्माला आली.

या गाण्यांना पुस्तकाचे रूप आले ते सुमारे साडेसहाशे वर्षांनी, १९३५ साली, यवतमाळात. पुस्तकाचे नाव ‘आद्य मराठी कवयित्री’ आणि संपादक यशवंत खुशाल देशपांडे. देशपांडे पेशाने वकील. त्यांनी उभारलेल्या शारदाश्रमाने कापसाच्या या गावाला मराठी संशोधनाच्या नकाशावर आणले. त्याआधी १९२५ मध्ये त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ बाहेर पडले होते. पुण्या-मुंबईपासून शेकडो मैल दूर असलेल्या या गावात बसून एक वकील जुन्या पोथ्यांची पाने लावत होता, आणि त्या पानांत वेडाला, प्रेमाला आणि वाणीला सारखाच मान होता.

या तिन्ही गोष्टी एका जागी बसवणारा एक प्रसिद्ध ग्रीक संवाद आहे, प्लेटोचा ‘फीड्रस’. इसवी सनापूर्वी ३७०च्या सुमारास तो लिहिला गेला असे मानतात. अथेन्सच्या वेशीबाहेर इलिसस नदीच्या काठी, भर दुपारी, झाडाच्या सावलीत सॉक्रेटीस आणि तरुण फीड्रस बसले आहेत. वर रातकिड्यांसारखे किडे किर्र करताहेत. फीड्रसने अंगवस्त्राखाली एक गुंडाळी दडवून आणली आहे. लिसियस हा दुसऱ्यांसाठी कोर्टातली भाषणे लिहून देणारा नामांकित लेखक, आणि गुंडाळीत त्याचेच एक भाषण आहे. त्याचा मुद्दा असा, की प्रेमात पडलेल्यापेक्षा न पडलेल्याच्या स्वाधीन व्हावे, कारण प्रेमात पडलेला माणूस भानावर नसतो आणि न पडलेला हिशेबी असतो. सॉक्रेटीस आधी लाजेने डोक्यावर वस्त्र ओढून त्याच बाजूचे त्याहून सरस भाषण करतो. मग त्याला वाटते की आपण प्रेमदेवतेचा अपराध केला. प्रायश्चित्त म्हणून तो उलट बाजू मांडतो. देवाने दिलेले वेड शहाणपणापेक्षा थोर असते, असे सांगून तो चार वेडे मोजतो: भविष्य सांगणाऱ्याचे, दीक्षाविधींतले, कवीचे आणि प्रेमिकाचे. त्यानंतर गाडी वक्तृत्वावर येते आणि शेवटी लेखनावर. लिहिलेला शब्द प्रश्नाला उत्तर देत नाही, कितीही विचारले तरी तेच ते सांगत राहतो, अशी सॉक्रेटीसची तक्रार. ही तक्रार आपल्यापर्यंत लिखाणातूनच पोहोचली, हा प्लेटोचा मिश्कीलपणा.

वेड, प्रेम, वाणी आणि लेखन: रिद्धपुरातही हेच चार धागे आहेत. फरक एवढाच, की तिथे कुणी तत्त्वज्ञ निवांत बसून संवाद रचत नव्हता. माणसे खरी होती, प्रश्न खरे होते आणि वेडाही खरा होता.

काळ देवगिरीच्या यादवांचा. १२६१ ते १२७१ महादेवराय आणि त्यानंतर रामदेवराय गादीवर होते. राज्याचा श्रीकरणाधिप हेमाद्री पंडित व्रते, दाने आणि श्राद्धे यांचा महाकोश रचत होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’त वर्षातला जवळपास प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या व्रताला बांधला गेला. धर्म म्हणजे काय करावे, केव्हा करावे आणि कुणी करू नये याची यादी, असे दिवस ते. शास्त्राची भाषा संस्कृत आणि शास्त्रार्थाचा आखाडा पंडितांचा. या बंदोबस्ताच्या बाहेर, गोदाकाठाने आणि वऱ्हाडात, एक निराळेच मंडळ जमत होते.

हे मंडळ म्हणजे महानुभाव पंथ. तो पाच कृष्ण मानतो: द्वारकेचा श्रीकृष्ण, दत्तात्रेय, द्वारावतीचे चांगदेव राउळ, रिद्धपूरचे गुंडम राउळ म्हणजे गोविंदप्रभू, आणि चक्रधरस्वामी. यांतल्या चांगदेव राउळांच्या कथेतच प्रेमाचा पहिला पेच येतो. मूळचे फलटणचे हे सत्पुरुष द्वारावतीत रस्ते झाडीत, कचरा सुपात भरून गोमतीत टाकीत आणि त्याच सूप-खराट्याने लोकांना कृपा देत. कामाख्या नावाची योगिनी त्यांच्या अंगसंगाच्या इच्छेने दारात येऊन बसली. तिचा हट्ट सुटेना आणि यांचे व्रत मोडेना. अखेर त्यांनी योगबळाने देहच सोडला. त्याच वेळी भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव मरण पावला होता. चांगदेवांनी त्याच्या देहात प्रवेश केला, असे पंथाचे म्हणणे. चितेवर ठेवण्याआधी उठलेला हा तरुण प्रधानपुत्र पुढे जुगारात हरला. देणे फेडायला त्याने पत्नीकडे दागिने मागितले, तिने ते दिले नाहीत, आणि त्याचा संसारावरचा जीव उडाला. रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने तो घराबाहेर पडला आणि वाटेत रिद्धपूरला थांबला.

इतिहासाने ही कथा शब्दशः मानायचे कारण नाही, पण तिची जुळणी ध्यानात ठेवावी. पंथाने आपल्या संस्थापकाची सुरुवात तपाने किंवा विद्येने झाली असे सांगितले नाही. आधी एका स्त्रीची वासना, मग जुगाराचे व्यसन, मग पत्नीचा नकार. लिसियसला जी माणसे धोक्याची वाटली असती, त्यांच्यातूनच ही वाट निघाली.

रिद्धपूरच्या बाजारात हरिपाळदेवाने गुंडम राउळांना पाहिले. राउळ काहीतरी खात होते. त्यांनी त्यातलेच उष्टे त्याच्या हाती दिले, आणि त्या घासाबरोबर त्याला ज्ञानशक्ती मिळाली असे पंथ मानतो. उपदेश झाला नाही, वादविवाद नाही, मंत्रही नाही. पुढे ज्याच्या बोलण्यावर पंथ उभा राहिला त्या चक्रधरांना, म्हणजे या हरिपाळदेवाला, दीक्षा मिळाली ती अशा माणसाकडून, ज्याच्या बोलण्याचा धड अर्थ लावता येत नसे.

हे गुंडम राउळ, म्हणजे सुरुवातीच्या लग्नातले नवरदेव, मोठे विलक्षण. काटसुरे गावच्या काण्व ब्राह्मणाच्या घरी जन्म, लहानपणीच आईबाप गेले, आणि मुक्काम रिद्धपुरात. पुढे पंथात आलेल्या म्हाइंभटाने लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात कुठेही सलग व्याख्यान नाही. देवळातल्या मूर्तींशी ते बोलत, खेळत, कधी त्यांना चापटही मारत. मुलांसारखे खेळ मांडत, आपल्याशीच हसत, भलत्यालाच शिव्या घालत. कुणाच्याही घरात शिरून समोर दिसेल ते खाऊ लागत, मग घर कोणत्या जातीचे हे पाहायचे कारण नसे. त्याच चरित्रात दुसऱ्याही गोष्टी आहेत. मातंगांना पाण्यासाठी दारोदार हिंडावे लागे, तेव्हा राउळांनी त्यांना जागा दाखवून विहीर खणायला लावली. अडलेल्या बाळंतिणीजवळ बसून सुईणीचे काम केले. गावातली गरीब माणसे त्यांना आई आणि बाप दोन्ही म्हणत.

प्लेटोच्या चार खणांपैकी कुठल्याही खणात हे वेड नीट बसत नाही. भविष्य ते सांगत नव्हते, दीक्षेचा विधी त्यांना ठाऊक नव्हता, कविता त्यांनी केली नाही. सॉक्रेटीस वेडाची थोरवी सांगतो ती अत्यंत शहाण्या, रेखीव भाषेत. त्या भाषणात वेडा स्वतः कुठेच बोलत नाही. रिद्धपुरात वेडा समोर उभा असे, घरातले दूध पिऊन जाई, आणि त्याचा अर्थ काय हे गावाला ठरवावे लागे. काही जण हसले, काहींनी दार लावून घेतले, काहींनी पाय धरले. चरित्रकाराने तिघांनाही जागा दिली आहे.

गोविंदप्रभू हे या कथेतले वेड, तर चक्रधर त्यातली वाणी. रिद्धपूरहून निघाल्यावर ते सातपुड्यातल्या सालबर्डीच्या डोंगरात राहिले, आंध्र देशात फिरले, वारंगळला एका घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करून पुन्हा बाहेर पडले. १२६७च्या सुमारास पैठणला त्यांनी संन्यास घेतला आणि भोवती माणसे जमू लागली. या मंडळात बायका पुष्कळ: बाइसा, आबाइसा, उमाइसा आणि महदाइसा.

त्यांच्या बोलण्याचा एक प्रसंग पाहावा. दोन पारधी कुत्री सोडून सशामागे लागले होते. ससा पळत येऊन चक्रधरांच्या मांडीखाली लपला. पारध्यांनी येऊन ससा मागितला. चक्रधरांनी त्यांना हाकलले नाही की शापही दिला नाही. हा शरण आला आहे, एवढे सांगून ते त्यांच्याशी शांतपणे बोलत राहिले, शरण आलेल्याचे काय करावे हा विचार त्यांच्याच मनात उभा केला. पारध्यांनी आपल्या तोंडानेच ससा सोडून दिला. समोरच्याच्या तोंडून निष्कर्ष निघावा, आपण तो लादू नये, हे वक्तृत्व. ग्रीकांना ते ओळखता आले असते.

या वाणीला पंथात दोन पायऱ्या मानतात: आधी वेध, मग बोध. स्वामींना पाहून माणसाचे चित्त खेचले जाते तो वेध. काही जणांना तर भान हरपून ‘स्थिती’ होई, बसल्या जागी बाह्य जगाचा विसर पडे. पण नुसत्या वेधावर चक्रधर समाधानी नसत. खेचले गेलेल्याने विचारले पाहिजे, समजून घेतले पाहिजे. आणि विचारण्यात महदाइसेचा हात धरणारे कुणी नव्हते. ती सारखी काही ना काही पुसत असते, असे खुद्द स्वामींनी कौतुकाने म्हटल्याचे चक्रधरांच्या आठवणींच्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात येते. तिचे प्रश्न तीर्थांचे, देवतांचे, आचाराचे, कधी अगदी घरगुती. विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हा चक्रधरांनी तो शरीराच्या इतर मळांसारखाच एक मानला. हेमाद्रीच्या काळात हे उत्तर किती धीट होते, हे वेगळे सांगायला नको.

कठीण गोष्ट ते दृष्टान्ताने सांगत. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात, ज्याच्या हाती जे लागले तोच त्याला हत्ती वाटतो, हा त्यांतलाच एक. पंथातल्या केशिराजबासांनी पुढे असे ११४ दृष्टान्त निवडून ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केला. प्लेटोच्या सॉक्रेटीसने आत्म्यासाठी दोन घोड्यांचा रथ आणि सारथी उभा केला, कारण आत्मा कसा आहे हे सांगायला देवाची वाणी लागेल, कशासारखा आहे एवढे माणूस सांगू शकतो. चक्रधरांची उदाहरणे त्या मानाने शेतातली, चुलीजवळची, बाजारातली. ऐकणारे तिथलेच होते.

वक्तृत्वाचा दुसरा नमुनाही याच मंडळात आला, तो म्हाइंभट. गोदाकाठच्या सराळ्याचा हा शास्त्री प्रभाकर मीमांसेचा पंडित. दिवसाढवळ्या दिवट्या पाजळून तो वादाला निघे, म्हणजे इतर सगळे अंधारात, अशी त्याची कथा सांगतात. चक्रधरांशी तो वाद घालायलाच डोमेग्रामला गेला. जिंकण्यासाठी शिकलेली वाणी तिथे कामास आली नाही. ज्या माणसाने उत्तरे देण्याचा धंदा केला होता, त्याला पहिल्यांदा ऐकावे लागले. पुढे त्याच्या हातून जे काम झाले, त्याचे बीज या हरण्यात आहे.

प्रेमाचा प्रश्न मात्र पंथाला शेवटपर्यंत छळत राहिला. चक्रधरांच्या मते देवाचे प्रेम हे देवाचे देणे, ते मागून मिळत नाही. माणसाच्या हाती राहतो तो आचार, आणि आचार मोठा कडक: आपला देश, आपले गाव सोडावे, नातलगांचा संबंध तर विशेषच सोडावा. एका बाजूला चित्त खेचून घेणारा वेध आणि दुसऱ्या बाजूला सगळे तोडायला सांगणारी आज्ञा. कवींची यात फार ओढाताण झाली. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ रचले. कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगारात त्यांची प्रतिभा फुलली. गुरुबंधूंचा अभिप्राय आला की ग्रंथ छान झाला, पण तो संसारात रमलेल्यांच्या कामाचा, विरक्ताच्या नव्हे. भास्करभट्टांनी मग ‘उद्धवगीता’ लिहिली. नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रामदेवरायाला ऐकवले. राजाने सोन्याचे मोल देऊ करून काव्यावर आपले नाव मागितले. नरेंद्राने ते नाकारले आणि पुढे तो पंथात आला. प्रेमाचे काव्य राजाला विकायचे नाही आणि विरक्ताला शोभतही नाही, अशा अडचणीत हे कवी लिहीत होते. महदाइसेच्या धवळ्यांत ही अडचण जाणवत नाही, कारण तिला कुणी काव्य मागितले नव्हते. नवरदेव समोर होता आणि गाणे हवे होते.

१२७४च्या सुमारास चक्रधर दिसेनासे झाले. पंथ त्याला उत्तरापंथे प्रयाण म्हणतो. अखेरच्या दिवसांविषयी पोथ्यांच्या पाठांत एकवाक्यता नाही. जाण्यापूर्वी त्यांनी शिष्यांना सांगून ठेवले होते, की रिद्धपूरला जाऊन श्रीप्रभूंची, म्हणजे गोविंदप्रभूंची, सेवा करा. विरहाने खंगलेले नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, आणि बाकीची मंडळी रिद्धपूरला आली.

त्यांची अवस्था मनात आणून पाहावी. वर्षानुवर्षे ज्यांना प्रश्नाला उत्तर मिळत होते, दृष्टान्त मिळत होता, थट्टासुद्धा मिळत होती, ती माणसे आता अशा गुरूपुढे बसली जो मूर्तीशी बोलतो आणि माणसाला शिवी देतो. त्याला विचारायचे काय? महदाइसेसारख्या प्रश्नकर्तीची तर फारच पंचाईत. सेवा करता येत होती, जेवू घालता येत होते, हट्ट पुरवता येत होते. उत्तर मात्र मिळणार नव्हते. म्हणून ती आठवू लागली. माझ्या मते मराठी गद्याचा उगम इथे आहे. बोलणारा गुरू गेला आणि न उलगडणारा गुरू वाट्याला आला, तेव्हा मागचे सगळे बोलणे एकाएकी मोलाचे झाले.

लीळाचरित्राच्या जन्माची हकीकत याला धरूनच आहे. रिद्धपूरच्या वाजेश्वरीत भटोबास एकांतात बसलेले म्हाइंभटाने पाहिले. काय करता, असे विचारल्यावर कळले, की स्वामींच्या लीळा आठवताहेत. म्हाइंभटाने सुचवले की हे लिहून ठेवू. भटोबासांनी सांगायचे, याने उतरायचे, असे काही महिने चालले. पण एकट्याच्या आठवणीवर त्याचे भागेना. ज्याच्या समोर जी लीळा घडली त्याच्याकडून ती घ्यायची, असा त्याने नेम केला आणि गावोगाव फिरला. एक साक्षीदार पेरणीच्या गडबडीत होता, त्याला बसून सांगायला सवड नव्हती. म्हाइंभट त्याच्याबरोबर शेतात राबला आणि ऐकत गेला. दिवसा दिवटी पाजळणारा शास्त्री मातीत पाय रोवून एका शेतकऱ्याचे शब्द झेलतो आहे, हे या काळाचे खरे चित्र. ग्रंथाचा काळ साधारणपणे १२७८च्या आसपास मानतात, म्हणजे गोविंदप्रभू हयात असतानाचा.

प्लेटो आणि म्हाइंभट इथे वेगळे होतात. सॉक्रेटीसला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये विष पाजले गेले, आणि ‘फीड्रस’ त्यानंतर सुमारे तीन दशकांनी प्लेटोने आपल्या प्रतिभेने घडवला. त्यातला फीड्रसही त्याच्याच लेखणीने ‘हो’ म्हणतो. म्हाइंभटाला संवाद घडवायचा नव्हता, जमवायचा होता. आठवणी जुळत नसल्या तर? पोथ्यांत अशा ठिकाणी ‘अमक्याची वासना’ म्हणून दुसरी आठवण नोंदलेली दिसते, कुठे ‘शोध’ म्हणून आणखी तपशील दिलेला दिसतो. कोणती आठवण खरी याचा निकाल बहुतेक वेळा दिलेला नाही. लिखाण प्रश्नाला उत्तर देत नाही, ही सॉक्रेटीसची तक्रार खरीच. पण जे लिखाण स्वतःच दोन तोंडांनी बोलते, ते वाचकाला गप्प बसू देत नाही.

भाषेचा निवाडाही याच मंडळात झाला. केशिराजबास संस्कृतात उत्तम लिहीत. स्वामींच्या वचनांवर संस्कृत ग्रंथ करावा असे त्यांच्या मनात होते. भटोबासांनी ते अडवले. त्यांचे म्हणणे पंथाच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आले आहे: स्वामींनी आम्हाला मराठीतून सांगितले, तेच संस्कृतात गेले तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना ते मिळणार नाही. दुसऱ्या एका वेळी शिष्याने संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा तुमची ती भाषा मला कळत नाही, मराठीत पुसा, असे त्यांनी सुनावले. भटोबासांनी ग्रंथाचा वाचक ठरवला तो पंडित नव्हे, प्रश्न विचारणारी म्हातारी. वक्तृत्वाच्या साऱ्या शास्त्राला हा उलटा धक्का होता. बोलणाऱ्याने किती सुंदर बोलावे हे ऐकणाऱ्याच्या गरजेवरून ठरू लागले.

गोविंदप्रभू १२८७-८८ मध्ये गेले, भटोबास १३०२ मध्ये. त्यानंतर काही वर्षांतच देवगिरीवर खिलजींच्या फौजा पुन्हा चालून आल्या. त्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, असे पंथाची परंपरा सांगते. मग पुन्हा आठवावे लागले. हिराइसा नावाच्या साध्वीला ग्रंथ तोंडपाठ होता, तिच्या स्मृतीवरून एक पाठ उभा राहिला, इतरांच्या स्मृतींवरून इतर पाठ निर्माण झाले. पुढे पंथाने ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले. सकळ लिपी ही त्यांतली प्रमुख. मठांत पोथ्या पूजेला राहिल्या, बाहेरच्या डोळ्यांपासून दूर. बाहेर मात्र काळ्या वस्त्रांतल्या या लोकांविषयी कुत्सित बोलले जाई, कारण त्यांनी काय लिहिले आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींनी या लिपीचा उलगडा केला. महंतांनी विश्वासाने पोथ्या पुढे केल्या. आणि कामाचा मोठा भाग वऱ्हाड-नागपूरने उचलला, कारण पोथ्या, मठ आणि माणसे इथेच होती. नागपूरला ह. ना. नेने यांनी १९३६-३७ पासून लीळाचरित्राचे भाग छापले. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये आली आणि तिच्यावरून मोठा वादही झाला. अॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा रिद्धपूरचा वेडा परदेशी अभ्यासकांच्याही मेजावर गेला. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

या यादीत यवतमाळचा शारदाश्रम लवकर येतो. देशपांडे वकिली करीत त्याच काळात त्याच गावात लोकनायक बापूजी अणेही वकील होते. दोघांच्या वाटा निराळ्या, पण साक्षीपुरावा दोघांच्या रोजच्या व्यवहारातला. महदाइसेचे धवळे छापताना देशपांड्यांपुढे पुराव्याचाच प्रश्न होता: ही गाणी कुणाची, कुठल्या प्रसंगाची, कुठल्या पोथीत कसा पाठ. मराठीच्या आरंभी एक स्त्री उभी आहे, हे त्यांनी भावनेने जाहीर केले नाही, पोथ्या समोर ठेवून मांडले. ‘आद्य’ हा शब्द त्यांनी शीर्षकातच घातला. आज शाळेच्या पुस्तकात महदाइसेचे, म्हणजे महदंबेचे, नाव सहज येते, ते त्या खटाटोपामुळे.

वेडाला मान द्यायचा की नाही, हा प्रश्न प्लेटोने एका सुंदर भाषणाने सोडवला. रिद्धपूरच्या मंडळींनी तो सोडवला नाही, त्याच्याबरोबर तेरा-चौदा वर्षे राहून दाखवले. त्याला जेवू घातले, त्याचे लग्न लावले, आणि उरलेल्या वेळात आपल्या प्रश्नांची उत्तरे आठवून लिहिली. मराठीचे पहिले गद्य हे असे आहे. त्यात देवाच्या लीळा आहेत, पण प्रत्येक लीळेच्या कडेला कुणीतरी बसून विचारते आहे, आणि बहुतेक वेळा विचारणारी बाई आहे. चक्रधरांचे तत्त्वज्ञान संस्कृतात गेले असते तर विद्वानांना ते सोयीचे झाले असते आणि प्रश्न मात्र गळाले असते. भटोबासांनी ते होऊ दिले नाही, म्हणूनच साडेसहाशे वर्षांनी यवतमाळच्या वकिलाच्या हाती सिद्धान्ताबरोबर तो विचारणाऱ्या बाईचे नावही आले.